बुंदीचा घास

शंकरपट जवळ आला की शालिग्राम टेलरकडे कोणी कापड टाकत नसे. टाकलं तर ते पट होईपर्यंत फळीवर तसंच पडून राहणार, हे वाघाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाया ब्लाउजच्या कापडाची पिशवी घेऊन यायच्या, मशिनीवर पसरलेली लाल मखमल बघायच्या आणि "राहू द्या भाऊ, पट झाल्यावर येतो," म्हणून दारातूनच माघारी फिरायच्या. शालिग्राम मान वर न करता "हाव, हाव" म्हणायचा. गिऱ्हाईक परत गेल्याचं त्याला काडीचं वाईट वाटत नसे. बायकोला वाटायचं, पण तिला विचारतो कोण.

वाघाडी म्हणजे जळगाव जामोदहून सातपुड्याकडे निघालं की लागणारं एक लहान गाव. गावाला लागून नदी, आणि नदीपलीकडच्या माळावर दरसाल शंकरपट भरतो. बैलांच्या जोड्या एकामागून एक सुटतात, घड्याळ लावलेलं असतं, जिला सगळ्यात कमी वेळ लागला ती जोडी जिंकली. बस, एवढंच. पण या एवढ्यासाठी अकोल्या-खामगावची माणसं जीप भरभरून येतात. मधली काही वर्षं पट बंद होते तेव्हा शालिग्रामच्या तोंडाची चव गेली होती, आणि कोर्टानं परवानगी दिली त्या दिवशी या गड्यानं दुकान बंद करून गावभर साखर वाटली होती.

गंमत अशी की त्याच्याकडे स्वतःचा बैल नव्हता. बैल सोडा, शेळीसुद्धा नव्हती. पण पटाचे दिवस आले की माणसाच्या अंगात यायचं. स्वतःसाठी नवा पायजमा-सदरा, केशरी फेटा, गळ्यात शिट्टी. मोबाइलमधलं घड्याळ सुरू करून तो येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांची वेळ घ्यायचा. एस.टी. फाट्यावरून पारापर्यंत किती वेळात आली, गुरुजींची स्कूटी कशी पळाली, कोणाचं वासरू दावं तोडून सुटलं तर ते कसं धावलं, सगळं त्याच्याकडे तोंडपाठ. एकदा सोजराबाई, म्हणजे त्याची बायको, नळावरून हंडा घेऊन येत होती तर यानं तिचीही वेळ घेतली.

"माह्या मागं घड्याळ लावू नका," ती हंडा खाली ठेवत म्हणाली. "मी काही शेपूट वर करून पळत नाही."

"गेल्या वर्षीपेक्षा हळू झाली तू," शालिग्राम म्हणाला.

"गुडघा दुखते माहा. तुमचं काय जाते बोलाले."

गावाची जोडी म्हणजे जानरावदादांची. जानरावदादा गावातले जुने शेतकरी, साठी उलटलेले, बोलायला कमी. गोठ्यात बैल दोनच, पण काय बैल. सोन्या पांढरा, शांत, कामाचा. पाखऱ्या तांबूस, हाडापेरानं मोठा, खायला पुढे आणि पळायलाही पुढे. जोडी हाकायचा दादांचा मुलगा नागसेन. आणि बैलांचं सगळं करायची दादांची बायको सिंधूताई. शेण, पाणी, वैरण, सरकीची ढेप, अंगाला घासणं, उन्हातून सावलीत बांधणं, सगळं तिच्याकडे. रोज सकाळी ती दोघांना एकेक भाकर स्वतःच्या हातानं चारायची, मग बाकीचं काम. शालिग्राम पटाआधी दिवसातून दोनदा त्या गोठ्यात जायचा. "जयभीम दादा" म्हणायचा, बैलांच्या पाठीवर हात फिरवायचा, चहा प्यायचा आणि निघायचा. दरवर्षी दोन्ही बैलांसाठी मखमलीची झूल तोच शिवायचा, आपल्या मनानं, आपल्या हौसेनं.

आता घासाचं सांगायला पाहिजे, कारण सगळं त्याच्यावरून झालं.

वाघाडीत एक रीत होती. पटाआधी गावात शेवटचं लग्न ज्या घरी झालं, त्या घरचं गोड पटाच्या जोडीला मूठभर चारायचं. आणि तो घास न्यायचा कोणी, तर ज्यानं नवरदेवाचे कपडे शिवले त्यानं. म्हणजे गावात टेलर एकच, तेव्हा शालिग्रामनंच. वर्षानुवर्षं हा मान त्याचा. एका वर्षी लग्नच कोणाचं नव्हतं, घास राहिला, आणि त्या वर्षी जोडी भर पटात रस्ता सोडून सरळ कोणाच्या तरी तुरीत घुसली. मग काय, शालिग्रामची खात्रीच पटली.

यंदा मात्र जानरावदादांनी पारावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "यंदा घास-बीस काही नाही. कोणीच माह्या बैलाले काही चारू नका."

झालं होतं असं की गेल्या मोसमात शेजारच्या गावात शौकीन लोकांनी एका जोडीला लाडवापासून अंड्यापर्यंत वाट्टेल ते चारलं, आणि तो बैल पटाच्या दिवशी उठलाच नाही. गुरांच्या डॉक्टरांनी दादांना निक्षून सांगितलं होतं. लोकांनी माना डोलावल्या. शालिग्रामनंही डोलावली. पण आत कुठंतरी त्याला ते लागलं. बैल त्याचा नाही, वावर त्याचं नाही, शर्यतीत त्याचं म्हणून एवढंच होतं, तो मूठभर घास. तोही काढून घेतला. घरी येऊन तो बराच वेळ मशिनीवर नुसताच बसून राहिला.

त्याच आठवड्यात गावातल्या किसनरावांच्या मुलाचं लग्न झालं. कोट शालिग्रामनं शिवला होता आणि कोट झक्क बसला होता. किसनराव खूश. जेवणावळी उठल्यावर त्यांनी उरलेली बुंदी एका बादलीत भरली आणि शालिग्रामच्या हातात दिली. "सोजराबाई आली नाही गुडघ्यापायी," ते म्हणाले. "तिले दे. बुंदी आवडते तिले."

बुंदी सोजराबाईला आवडते, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. शालिग्राम बादली घेऊन घराच्या वाटेला लागलासुद्धा. पण वाट जानरावदादांच्या गोठ्यावरून जात होती, आणि दुपार होती, आणि दादा व नागसेन बाजाराला गेलेले, सिंधूताई हरभरा सोंगायला वावरात. गोठ्यात दोन बैल आणि माशा, बाकी कोणी नाही.

मूठभर, त्यानं स्वतःला सांगितलं. नुसतं मूठभर, रीत म्हणून.

सोन्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. पाखऱ्यानं मात्र सगळा तळवा चाटून पुसून घेतला आणि मान पुढे केली. शालिग्रामनं अजून एक मूठ दिली. पाखऱ्याची जीभ खरखरीत, गरम. मग त्या गड्यानं सरळ बादलीतच तोंड घातलं. शालिग्रामनं मागे ओढायला पाहिजे होती. ओढली नाही. उलट दोन्ही हातांनी बादली धरून उभा राहिला, आणि एवढा मोठा बैल आपल्या हातात तोंड घालून खातोय हे बघून त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. "खाय बाप्पा," तो म्हणाला. "खाय. पळ मंग वाऱ्यासारखा." बादली रिकामी झाली तेव्हा कुठं तो भानावर आला. बुडाशी थोडा पाक चिकटलेला, बाकी काही नाही.

घरी गेल्यावर बादली त्यानं दुकानात मशिनीखाली सारली. सोजराबाईनं विचारलं, "किसनरावनं काही देलं काय?" तर म्हणाला, "नाही." एवढं लहानसं खोटं. जमलंसुद्धा सहज.

दुसऱ्या दिवशी झूल पूर्ण झाली. लाल मखमल, कडेला पिवळी गोट, कोपऱ्यांवर आरसे. शालिग्राम ती खांद्यावर टाकून, शिट्टी वाजवत, माप बघायला गोठ्याकडे निघाला. गोठ्याच्या दाराशी डॉक्टरांची मोटारसायकल उभी होती. शिट्टी त्याच्या तोंडातच राहिली.

पाखऱ्या खाली बसला होता. मान पोटाकडे वळवलेली, डोळे अर्धवट. वैरण पुढ्यात तशीच. सकाळपासून रवंथ नाही, शेण पातळ, आंबूस वास, डाव्या कुशीला पोट ताठ. डॉक्टर पोटाला कान लावून बसले होते. जानरावदादा त्यांच्या बाजूला उभे, आणि खांबाला धरून सिंधूताई.

"काय चारलं याले?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोजचंच," दादा म्हणाले.

"रोजचं नाही हे. पोटात आंबलं आहे. धान्य, पीठ, गोड, असं काही तरी जास्तीचं गेलं आहे. काय गेलं आणि किती गेलं ते कळलं तर मला नीट इलाज करता येईल."

शालिग्राम तिथंच होता. दोन हातांवर. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, साहेब, बुंदी. त्याला ते म्हणता आलं नाही.  पारावर दादांनी सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळं गाव काय म्हणेल, दादा काय म्हणतील, पटाला कोण आपल्याला टेम्पोत घेईल, हे सगळं एकदम त्याच्या डोक्यात आलं. बैलाचं काय होईल, हे शेवटी आलं. पुढे कित्येक दिवस त्याला याचीच लाज वाटत राहिली.

"काल ढेप कोणी टाकली?" दादांनी विचारलं.

"म्याच," सिंधूताई म्हणाली. "पण रोजच्याइतकीच टाकली."

"मंग काऊन झालं हे?"

"आता…" ती पाखऱ्याकडे बघत म्हणाली. "वावरातून थकून आलती मी. असन एखादी ओंजळ जास्त गेली. आठवत नाही मले."

"इतके वर्ष झाले," जानरावदादा म्हणाले, "अजून बैलाले किती टाका लागते हे समजत नाही तुले."

दादा कधी बायकोला कोणादेखत बोलत नसत. त्यामुळेच ते जास्त लागलं. सिंधूताईनं पदर तोंडाला लावला. डॉक्टर म्हणाले, ढेपेनं एवढं होत नसतं सहसा, पण बघू. त्यांनी इंजेक्शन दिलं, खायचा सोडा पाण्यातून पाजायला सांगितला, संध्याकाळी फोन करा म्हणाले आणि निघाले. आणि आपला शालिग्राम, पटाचा एवढा मोठा शौकीन, झूल काखेत मारून मागच्या वाटेनं घरी आला. याला काय म्हणावं, सांगा. आपल्या हातून बैल पाडला, आणि दोष एका बाईच्या माथ्यावर टाकून चालता झाला.

घरी त्याचं लक्ष कशात लागेना. फेटा बांधून पाहावा म्हणून काढला आणि तसाच ठेवून दिला. मोबाइलवर पटाचे जुने व्हिडिओ लावले आणि बंद केले. सोजराबाईनं जेवायला वाढलं, तो दोन घास खाऊन उठला. मग ती दुकान झाडायला गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली.

"इकडे या जरा."

मशिनीखालून मुंग्यांची रांग लागली होती, काळी, जाडजूड, दारापर्यंत. बादलीच्या बुडाशी मुंग्याच मुंग्या. सोजराबाईनं बादली बाहेर ओढली आणि वास घेतला.

"ही किसनरावच्या घरची बादली होये," ती म्हणाली. "बुंदी होती याच्यात."

शालिग्रामनं पायानं मुंग्यांची रांग मोडली.

"म्हणजे माह्यासाठीच देली असन त्यानं." ती म्हणाली. बाहेर कोणीतरी पाखऱ्याबद्दलच बोलत चाललं होतं, डॉक्टर आलते, पट बुडला, असं काहीबाही. सोजराबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तिनं आरडाओरडा केला असता तर शालिग्रामला बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "सिंधूताईले बोलले म्हणतात दादा. खरं काय?"

"हाव."

"आन तुम्ही तिथंच होते?"

"हाव."

ती बादली घेऊन मागच्या अंगणात गेली आणि राखेनं घासायला बसली. घासता घासता तिथूनच म्हणाली, "मले बुंदी नाही भेटली तं मी मरत नाही. पण तो बैल मेला तं तुमच्या हातचं पाणी मी कसं पेऊ?"

शालिग्राम चपला न घालताच निघाला.

गोठ्यात सिंधूताई एकटीच पाखऱ्याजवळ बसली होती. पाखऱ्याचं तोंड तिच्या मांडीजवळ, आणि ती त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. जानरावदादा ओट्यावर, पाठ गोठ्याकडे. चुलीवर सकाळची भाकर तशीच झाकलेली दिसत होती. कोणी जेवलं नव्हतं. शालिग्राम आत आला तशी ती उठू लागली.

"बसा ताई, बसा."

"शालिकभाऊ," ती म्हणाली. "माह्या हातून झालं हे. तुम्ही इतकी झूल शिवली, इतकं सगळं केलं. तुमचा पट बुडवला म्या. मले माफ करजा."

खरं सांगायचं तर शालिग्राम सगळ्याची तयारी करून आला होता. दादांनी थोबाडीत मारली तर मारू द्यायची, गावानं वाळीत टाकलं तर टाकू द्यायचं. पण ही माफी मागेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.  तो तिथंच शेणमातीत खाली बसला.

"ताई, तुम्ही काही केलं नाही," तो म्हणाला. "बुंदी म्या चारली."

तिला कळेना. "कोणती बुंदी?"

"किसनरावच्या घरची. लग्नाची. तुम्ही वावरात होत्या तेव्हा. मूठभर देणार होतो, तं…" त्यानं पाखऱ्याकडे पाहिलं. "पुरी बादली खाल्ली त्यानं. मी धरून उभा होतो."

ओट्यावरून जानरावदादा उठले. शालिग्रामनं डोळे मिटून घेतले. पण दादा त्याच्याकडे आलेच नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला आणि डॉक्टरांना लावला. "साहेब, बुंदी," ते म्हणाले. "लग्नाची. हाव, पाकातली. काल दुपारी. बादलीभर. या लवकर." फोन खिशात ठेवून ते आत गेले, झाकलेली भाकर काढली, वर मिरचीचा ठेचा घातला आणि ताटली आणून सिंधूताईच्या पुढ्यात ठेवली.

"खाय," ते म्हणाले. ती पहिला घास घेईपर्यंत ते तिथंच उभे राहिले.

शालिग्रामशी ते एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टर आले, नळी घालून पोट धुतलं, सलाईन लावलं. शालिग्रामनं पाखऱ्याची शिंगं धरून ठेवली. बैल त्याच्याकडे बघत होता असं त्याला वाटलं, आणि त्यानं मान फिरवून घेतली. काम झाल्यावर डॉक्टर हात धुताना म्हणाले, "सकाळीच सांगितलं असतं तर एवढे हाल झाले नसते याचे." कोणाला उद्देशून म्हणाले ते त्यांनाही ठाऊक नसावं. शालिग्रामला मात्र ठाऊक होतं.

पाखऱ्या वाचला. पटाच्या दिवशी सकाळी तो पायांवर उभा होता, मान खाली, पण उभा. पळण्याचा प्रश्नच नव्हता. थोडं थोडं पाणी, नुसता कडबा, आणि मधूनमधून फिरवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जोडी नसली तरी गाव पटाला निघालंच होतं. नागसेन टेम्पो घेऊन दाराशी उभा होता. ड्रायव्हरच्या बाजूची पुढची जागा दरवर्षी शालिग्रामची असायची, केशरी फेटा बांधून, खिडकीबाहेर हात काढून.

शालिग्राम आला तो जुन्या सदऱ्यात, डोक्याला रुमाल बांधून. "दादा," तो म्हणाला, "तुम्ही सगळे जा. मी थांबतो याच्यापाशी."

जानरावदादा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "जोडीच नाही तं मी जाऊन काय करू."

"मंग मी जातो," सिंधूताई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती दावं हातात घेऊन उभी होती. तिनं ते शालिग्रामच्या हातात दिलं.

"म्या कधी पट पाह्यला नाही," ती म्हणाली.

"कधीच नाही?" दादांनी विचारलं.

"कधी पाहीन? बैल थकून घरी आले का त्यांच्यापाशी बसाले कोण होतं? आन पटावरून तुम्ही सगळे भुकेजून येत होते, तं सैंपाक कोण करत होतं?"

 शालिग्रामला आठवलं. दरवर्षी पटावरून आलं की याच ओसरीवर मंडळी बसायची, पातळ भाजी आणि भाकरीवर तुटून पडायची, आणि तो हातवारे करून सगळा पट पुन्हा सांगायचा. जोडी कशी सुटली, पाखऱ्यानं कसं शेपूट उभारलं, धूळ कशी उडाली. सिंधूताई वाढता वाढता थांबायची आणि ऐकायची. "मंग काय झालं, भाऊ?" असं विचारायचीसुद्धा. त्याला वाटायचं, बाईला आपलं सांगणं आवडतं. तिनं पाहिलाच नाही म्हणून ती विचारते, हे इतक्या वर्षांत याच्या डोक्यात आलं नाही. त्या बैलांना तीच चारायची, तीच न्हाऊ घालायची, आणि त्यांना पळताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. बुंदीचं पाप त्यानं कबूल तरी केलं होतं. याचं काय करायचं, ते त्याला सुचेना.

सिंधूताई आत गेली, लुगडं बदलून आली. नागसेननं पुढच्या जागेवरची धूळ हातानं पुसली. सोजराबाई गुडघा धरत धरत आली आणि तिच्या शेजारी चढून बसली, म्हणाली, ताई जाऊन राह्यल्या तं मी काऊन घरी बसू. मग जानरावदादाही मागच्या बाजूनं टेम्पोत चढले.

दिवसभर शालिग्राम गोठ्यात होता. नदीपलीकडून भोंग्याचा आवाज येत होता. कोणती जोडी सुटली, कोण बोलतोय, कुठं लोक ओरडले, सगळं त्याला न बघता कळत होतं. पण घड्याळ लावावंसं त्याला वाटलं नाही. तो पाखऱ्याला अंगणात फिरवायचा, परत सावलीत बांधायचा, कडब्याची एकेक कांडी त्याच्या तोंडापुढे धरायचा. पाखऱ्या हुंगायचा आणि मान फिरवायचा. पाणी प्यायला, पण घास घेतला नाही. शालिग्रामनं आर्जवं केली, पाया पडला, एकदा चिडलासुद्धा. मग म्हणाला, "नोको खाऊ बाप्पा. तुहं बरोबर हाय." आणि त्याच्या बाजूला गोणपाटावर बसून राहिला. सकाळी त्यानं घरून आणलेली झूल कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली होती. तिच्यावर एक कोंबडी जाऊन बसली. तिला हाकलायलाही तो उठला नाही.

दिवस कलला तसा टेम्पो आला. सिंधूताई उतरली ती ओळखू येईना. केसांत, पापण्यांत धूळ, पदर खोचलेला, आणि आवाज पार बसलेला.

"ताई, ओरडल्या काय?" शालिग्रामनं विचारलं.

"ओरडली ना," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "लोकाच्या जोड्या होत्या, ओळख ना पाळख, तरी ओरडली. मांगं माणसं म्हणत होते, बाई बसा खाली, बसा खाली. मी कायले बसू?" ती हसली. सोजराबाई मागून म्हणाली, "घसा गेला यांचा आन कान गेला माहा."

कोण जिंकलं ते शालिग्रामनं विचारलं नाही. पहिल्यांदाच आयुष्यात विचारलं नाही. सिंधूताई हातपाय न धुताच पाखऱ्याकडे आली. सकाळच्या भाकरीचा कोरडा तुकडा मोडून, अगदी बोटभर, तिनं त्याच्या तोंडापुढे धरला. पाखऱ्यानं हुंगलं. मग हळूच जीभ काढून तो घेतला आणि चावू लागला. थोड्या वेळानं कडब्यालाही त्यानं तोंड लावलं. दिवसभर उपाशी राहिलेला बैल, तिच्या हातून बरोबर खाल्लं त्यानं.

शालिग्राम हे बघत उभा होता. आता तरी बोलायला पाहिजे, असं त्याला वाटलं. परवा त्यानं काय केलं ते सांगितलं होतं, पण सांगणं आणि माफी मागणं यात फरक आहे, हे त्याला आज दिवसभर गोठ्यात बसून कळलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "चुकलो मी."

"हाव," सिंधूताई पाखऱ्याची मान खाजवत म्हणाली. "चुकलेच तुम्ही."

ओट्यावरून जानरावदादा बघत होते. ते उठून आत गेले नाहीत. सोजराबाईनं पदराला बांधून आणलेली पटावरची जिलबी काढली आणि एक कडं नवऱ्याच्या हातावर ठेवलं. दुसरं तिनं स्वतः खाल्लं.

"उद्या सकाळी लवकर या," सिंधूताई शालिग्रामला म्हणाली. "मले हरभऱ्यात जायचं हाय. याले फिरवा लागते चार दिवस."

"येतो, ताई."

"आन पुढच्या वर्षी बी तुम्हीच बसा याच्यापाशी. मी तं जाणार हाय."

शालिग्रामच्या डोळ्यांपुढून टेम्पोची पुढची जागा गेली, फेटा गेला, माळावरची धूळ गेली. त्यानं जिलबीचं कडं तोंडात टाकलं. मग पाखऱ्याचं दावं खुंटीला नीट बांधलं, गाठ ओढून पाहिली, आणि म्हणाला, "हाव ताई. मी बसतो."